साडेसातची मालिका साडेदहाला : मराठी वाहिन्यांना खान्देशातून खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांवर कोणती मालिका किती वाजता लावायची हे ठरवणारे अधिकारी, मालिकांचे निर्माते, आणि ज्यांची नावं वाचायच्या आत पडद्यावरून पळून जातात ते कथा-पटकथा-संवाद लेखक,

स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरीच शिवणकाम करते : ब्लाऊज, परकर, फॉल-पिको. मालिका बघते. आवडतात म्हणून बघते. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण मालिकांविषयी कोणीही लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत ‘मी स्वतः बघत नाही हो, घरात चालू असते म्हणून कानावर पडतं’ असं म्हणून हात झटकतं. माझ्या कानावर पडत नाही, मी कान देऊन ऐकते.

पत्राचं कारण असं. तुमच्यापैकी एका वाहिनीवर साडेसातला एक मालिका लागायची. नाव घेत नाही. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनीही असे निर्णय कधी ना कधी घेतलेलेच आहेत. त्या मालिकेत नायिकेच्या शेजारी एक मावशी राहायची. धुळ्याकडची. ती अहिराणी बोलायची आणि खरी अहिराणी बोलायची. दिवाळी झाली आणि एका सोमवारी ती मालिका साडेसातवरून रात्री साडेदहावर गेली. पुढच्या आठवड्यात मावशी ‘आखाजीले येसू’, म्हणजे अक्षयतृतीयेला येईन, असं सांगून गावाला गेली. त्यानंतर दीड महिन्यात मालिकाच आटोपली. आखाजी काही आली नाही.

माझा पुतण्या म्हणाला, ‘काकू, पत्रच लिहायचंय तर पाडळसऱ्याच्या धरणावर लिही.’ खरं आहे त्याचं. धरण आमच्याच तालुक्यात आणि वर्षानुवर्षं रखडलेलं. पण धरणासाठी पत्रं लिहिणारे, उपोषणाला बसणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. मालिकेसाठी कोणी नाही.

तर आमची संध्याकाळ कशी असते ते सांगते. ती तुम्हाला ठाऊक असती, तर हा बदल तुम्ही केला नसता.

दिवाळीच्या आगे-मागे आमच्याकडे कपाशीची वेचणी असते. गल्लीतल्या निम्म्या बाया सकाळी सातच्या आत वावरात असतात. त्यासाठी पाचला उठून भाकरी-भाजी, पोरांचे डबे, म्हशीचं बघायचं. संध्याकाळी कापसाचं वजन करून, हिशेब करून घरी यायला सहा होतात. बोंडांच्या टोकांनी बोटं खरवडलेली असतात. मग हातपाय धुणं, तुळशीपाशी दिवा, कळण्याच्या भाकरी, एखाद्या दिवशी डाळगंडोरी, नाहीतर सरळ खिचडी. हे सगळं सातच्या आत उरकायचं हा अलिखित नियम आहे. आमच्या गल्लीत स्वयंपाकाला घड्याळ लावलं ते मालिकांनी. सासवांनी जन्मभर सांगूनही जे झालं नव्हतं ते.

माझं शिलाई मशीन साडेसहाला बंद होतं. मशीनची घरघर आणि टीव्ही यांचं जमत नाही. म्हणून दिवसभराचं हातकाम मी संध्याकाळसाठी राखून ठेवते : हूक लावणं, काज करणं, तुरपाई, लटकनं गुंफणं. एका मालिकेत दोन ब्लाऊजांचे हूक होतात, जाहिराती जास्त असल्या तर तीन. रडारडीचा प्रसंग असला की हात थांबतो आणि एकच होतो. म्हणजे तुमच्या मालिकेत त्या दिवशी काय झालं ते माझ्या कामाच्या ढिगावरून सांगता येईल.

सात वाजून दहा मिनिटांनी एकेक जण यायला लागतं. चार जणी नेमानं येतात. त्यांच्या घरी टीव्ही नाहीत असं मुळीच नाही. पण एकटीनं बघण्यात मजा नाही. बोलायचं फक्त जाहिरातीत. एक आबा दाराशी खुर्ची टाकून बसतात. ते म्हणतात की बातम्यांसाठी बसलोय, पण नायिकेच्या दिरानं कागदपत्रं कुठल्या कपाटात लपवली हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळतं. आणि टीव्हीपासून दोन हातांवर खाटेवर माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी. सारं घर त्यांना मोठी माय म्हणतं. त्यांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं. दर जाहिरातीला त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘आते काय व्हई वं?’ त्याचं उत्तर देणं हे माझं काम. मी दोन-तीन शक्यता सांगते. त्यातली एखादी खरी निघाली की मोठी माय दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगते, आमची सून मालिका लिहू शकते.

मोठी माय ही काही नवखी प्रेक्षक नाही. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागू लागलं तेव्हा गल्लीत एकच टीव्ही होता, काळा-पांढरा. ज्यांचा होता त्यांच्या धाब्यावर चढून अँटेना फिरवायचं काम माझे मोठे दीर करायचे. खालून सगळे ओरडायचे, ‘उनं! उनं! (आलं! आलं!) आते हालू नको!’ पुढे केबल आली. १९९९ला अल्फा मराठी, त्याच्या पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. चार दिवस सासूचे ही मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. त्या बारा वर्षांत आमच्या घरात दोन लग्नं झाली, सासरे गेले, मला दोन मुलं झाली आणि मोठ्या मायनं मालिका सोडली नाही. सुतकाच्या दिवसांत टीव्ही लावता येत नव्हता, तेव्हा शेजारीण येऊन तिच्या कानात गोष्ट सांगून जायची. ही असली माणसं तुमचे प्रेक्षक आहेत. तुम्ही वेळ बदलताना खाली जी पट्टी फिरवता, ती मोठ्या मायला वाचता येत नाही.

आता गाऱ्हाणी.

पहिलं वेळेचं. रात्री साडेदहा ही वेळ मुंबईत कशी असेल ती असो. लोकलनं नऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाला ती सोयीची असेल, हे मला मान्य आहे. आमच्याकडे पाचला उठणारी बाई साडेनऊला आडवी होते. साडेदहाला गल्लीत कुत्री आणि रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेले पुरुष, एवढेच जागे असतात. मालिका साडेदहाला गेल्यावर पहिले तीन दिवस आम्ही जागायचा प्रयत्न केला. चौघींपैकी एक पहिल्याच दिवशी भिंतीला टेकून झोपली. तिला उठवून घरी पोहोचवावं लागलं. चौथ्या दिवसापासून मोठी माय आणि मी, दोघीच. तीही मध्येच डुलकी घ्यायची आणि जाहिरातीच्या आवाजानं दचकून विचारायची, ‘ती बाई उनी का?’

पुनर्प्रक्षेपण दुसऱ्या दिवशी दुपारी असतं, म्हणजे बरोबर बाया वावरात असतात तेव्हा. आणि ‘ॲपवर कधीही पाहा’ हे जे तुम्ही प्रत्येक भागाच्या शेवटी सांगता, ते कोणासाठी सांगता? पाच इंची पडद्यावर सहा जणींनी काय पाहायचं? ॲपवर मालिका दिसते, संध्याकाळ दिसत नाही.

दुसरं गाऱ्हाणं भाषेचं आहे आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

तुम्ही बोलीभाषेला घाबरत नाही, हे तुम्हीच दाखवून दिलं आहे. २०१६ साली तुझ्यात जीव रंगलामधून कोल्हापूरचा पैलवान घराघरात गेला. त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची बायकोमध्ये नागपूरची राधिका आली आणि तिचं बोलणं आमच्या गल्लीतल्या पोरी उचलू लागल्या. रात्रीस खेळ चालेमुळे मालवणी कळायला लागली. २०१७ला लागिरं झालं जीमधून सातारा आला, गाव गाता गजालीमधून पुन्हा मालवण. आम्ही हे सगळं प्रेमानं पाहिलं. मालवणीतलं निम्मं पहिल्या महिन्यात कळत नव्हतं, तरी पाहिलं. कोणी तक्रार केली नाही की आम्हाला समजेल अशा मराठीत बोला.

मग आमची पाळी कधी?

२०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली मोजलेलेच अठरा लाखांवर आहेत. घरात अहिराणी बोलून रकान्यात ‘मराठी’ सांगणारे, म्हणजे माझ्यासारखे, ते वेगळे. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे, शिवाय मालेगाव-सटाण्याचा पट्टा. त्याच्या पलीकडे सुरत, जिथे उधना-लिंबायतमध्ये आमची अर्धी भाऊबंदकी राहते. तिकडे ती माणसं गुजराती बोलतात, पण घरात टीव्ही मराठी लावतात.

इतक्या लोकांची भाषा तुमच्या मालिकांत येते ती कशी? माझ्या पाहण्यात जी आली ती अशी : घरगडी, नाहीतर भाजीवाली, नाहीतर नायकाच्या ऑफिसातला शिपाई. तोंडी चार विनोद. आणि बोलणं म्हणजे प्रमाण मराठी वाक्याच्या शेपटीला ‘शे’, म्हणजे ‘आहे’, बांधलेला. ‘मी तुम्हाला सांगून राहिलो शे ना!’ असं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. ‘मी तुमले सांगी ऱ्हायनू’ असं म्हणतात. पुरुष म्हणाला तर. बाई असेल तर ‘सांगी ऱ्हायनी’. आणि रावेर-यावलकडे जा, तिथे लेवा गणबोली. तिच्यात ‘ऱ्हायनी’चं ‘ऱ्हायली’ होतं. बहिणाबाई चौधरी त्या पट्ट्यातल्या, आसोद्याच्या. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. म्हणजे ज्या बोलीतल्या कविता शाळेत शिकवतात, त्याच्या बाजूच्या बोलीत मालिकेतला शिपाई फक्त हसवायला उभा राहतो. त्यात वऱ्हाडी, लेवा आणि अहिराणी यांची मिसळ. आम्हाला मिसळ आवडते, पण ताटात.

म्हणून त्या मावशीचं एवढं महत्त्व. ती पहिल्यांदा पडद्यावर आली तो दिवस मला लख्ख आठवतो. नायिका नवऱ्याशी भांडून जिन्यात रडत बसली होती. मावशी दार उघडून बाहेर आली, तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘ऊठ आंडेर. जेवाले चाल.’ आंडेर म्हणजे मुलगी. हा शब्द मी टीव्हीवर आयुष्यात प्रथम ऐकला. आमच्याकडे जाहिरातीशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे, तो त्या दिवशी सगळ्यांनी एकदम मोडला. आबा खुर्चीवरून उठले. मोठी माय, जिला निम्मे संवाद ऐकू येत नाहीत, तिला हे वाक्य ऐकू आलं. ती म्हणाली, ‘हाई बाई आपली शे वं.’

त्यानंतर चार महिने ती मावशी आठवड्यातून दोनदा-तीनदा दिसायची. तिच्या वाट्याला विनोद होते, पण ती विनोद नव्हती. तिला नवरा होता, कर्ज होतं, सुरतेला मुलगा होता, तो फोन करत नव्हता. तिला राग यायचा. एकदा ती नायिकेच्या सासूला ठणकावून म्हणाली की तुमच्या घरातली भाषा गोड आहे, पण माणसं कडू आहेत. हे संवाद कोणी लिहिले मला माहीत नाही. तुमच्या श्रेयनामावलीचा वेगच तसा आहे. पण ज्यांनी लिहिले त्यांना या पत्रातून माझा नमस्कार कळवा. त्यांच्या कानाला अहिराणी माहीत होती.

एक कबूल करते. मावशी निघून गेली त्याला भाषा कारण असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कलाकाराला दुसरं काम मिळालं असेल, आजारपण असेल. पण कारण काहीही असलं तरी माणूस असं गायब करायचं? नायिकेला अपघात झाला, स्मृती गेली, परत आली, एवढं सगळं दीड महिन्यात बसवलंत. शेजारच्या बाईसाठी एक फोनचं दृश्य बसलं नाही.

‘चित्रीकरणाला खान्देश लांब पडतो’ हे कारण मी एका मुलाखतीत ऐकलं आहे. मालिकेचं रोजचं चित्रीकरण असतं, युनिट मोठं असतं, कलाकारांना मुंबईतली इतर कामं असतात, हे कळतं. पण रात्रीस खेळ चालेचा वाडा सिंधुदुर्गात आकेरीला होता. मुंबईहून आकेरी दूर की जळगाव, हे नकाशावर बघा. जळगाव रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आत आहे, आकेरी त्याहून लांब. आणि समजा नाहीच जमलं, तरी आमची माणसं नाशिकला, कल्याणला, पुण्याला चाळीत आणि सोसायटीत राहतातच की. ती मावशी तरी कुठे धुळ्यात राहत होती? भाषेला लोकेशन लागत नाही, लिहिणारा लागतो. लिहिणारे आमच्याकडे आहेत. अहिराणीची संमेलनं होतात, २०२४ साली सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या अमळनेरातच भरलं. मी दोन दिवस गेले होते. पुस्तकं घेणाऱ्यांची गर्दी होती, आणि शेवभाजीच्या गाड्यावर त्याहून मोठी.

तुम्ही जागा सोडलीत ती भरायला इंटरनेटवर दुसरे आलेच. अहिराणी गाणी आता पुण्या-मुंबईच्या हळदीत डीजेवर वाजतात. मालेगावच्या पोरांचे ‘खान्देशी’ म्हणवणारे विनोदी व्हिडिओ कोटींनी पाहिले जातात. त्यातली भाषा बहुतेक हिंदी असते, पण ते असो. म्हणजे लोकांना ऐकायचं आहे. माझा पुतण्या दिवसभर तेच बघतो. मोठ्या मायला मात्र त्यात रस नाही. तिला गोष्ट पाहिजे, रोज, साडेसातला, पुढे काय होईल अशी.

तिसरं गाऱ्हाणं सणांचं. तुमच्या मालिकांत वटपौर्णिमा येते, मंगळागौर येते, गणपती तर दहा दिवस येतात. चांगलं आहे. फुगड्या बघून आमच्या पोरी शिकल्या. पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, नारळाची देवी, तिच्यासाठी रोट होतात, आणि त्या रोटांसाठी सुरतेपासून भाऊबंद गावी येतात. रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, सासुरवाशिणीचा माहेरपणाचा सण. झाडांना झोके, गौराईची गाणी, पुरणाचे मांडे. वहिनी-नणंद, सासू-सून, माहेर-सासर हेच जर तुमच्या मालिकांचं भांडवल असेल, तर आखाजीइतकं आयतं भांडवल तुम्हाला मिळायचं नाही. गौराईच्या गाण्यांत सासरची जी उणीदुणी काढतात, ती तुमच्या कोणत्याही खलनायिकेला लाजवतील. फुकट सांगते आहे, घ्या.

चौथं टीआरपीचं. प्रत्येक वेळी उत्तर हेच मिळतं : आकडे घसरले. मी चौकशी केली. बार्क नावाची संस्था आहे, २०१५पासून हे मोजते. २०२५ साली देशात टीव्ही असलेली घरं तेवीस कोटींच्या आसपास होती आणि मोजणीचं यंत्र बसवलेली घरं पन्नास-साठ हजार. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक. ती घरं कोणती हे गुप्त ठेवतात, तेही योग्यच. नमुना बघून अंदाज घेता येतो, भाताचं एक शीत दाबून भात शिजला का बघतो तसं, हे मला पटतं. पण साडेदहाला लावून मग ‘कोणी बघत नाही’ असं म्हणणं म्हणजे गॅस बंद करून शीत दाबणं झालं.

बारीकसारीक तक्रारी एका दमात सांगते. जाहिराती तासाला बारा मिनिटांपर्यंतच असा नियम आहे म्हणतात. मी हूक लावताना घड्याळ ठेवून मोजलं, अर्ध्या तासात गोष्ट एकोणीस मिनिटं भरली, त्यातली दोन कालचीच होती. कोणी दार उघडलं की तीन वेळा ढॅण-ढॅण-ढॅण वाजतं, त्यात मोठ्या मायला पुढचं वाक्य ऐकू येत नाही. आणि नायिका पैठणी नेसून झोपते यावर मी काहीच बोलणार नाही, कारण माझा धंदा त्यावर चालतो. सोमवारी नायिकेनं ज्या गळ्याचा ब्लाऊज घातला, त्याचा फोटो बुधवारपर्यंत चार बायका मोबाइलवर घेऊन येतात. ‘हिच्यासारखा शिवून दे.’ खणाच्या ब्लाऊजनं मला एक अख्खं वर्ष काम दिलं. तुमच्या वेशभूषाकारांचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी विसरत नाही. पण म्हणूनच माझं म्हणणं आहे की आम्ही तुमच्यासाठी नुसता आकडा नाही. लग्नसराईत आमच्या अंगावर तुमची मालिका असते.

मागण्या सरळ सांगते.

चालू मालिकेची वेळ बदलायची असेल तर निदान पंधरा दिवस आधी सांगा, आणि पट्टी फिरवू नका, बोलून सांगा. न वाचता येणारे लोकही वर्गणी भरतात.

रात्री दहानंतर ढकललेल्या मालिकेचं एक पुनर्प्रक्षेपण संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान ठेवा. रोज जमत नसेल तर आठवड्याचे भाग रविवारी एकत्र लावा. रविवारी तसेही तुम्ही दोन-दोन तासांचे महाएपिसोड लावताच. त्यातला एक आमचा असू द्या.

खान्देशी पात्र लिहायचं असेल तर बोली जाणणारा माणूस संवाद तपासायला ठेवा. मालवणीला, कोल्हापुरीला तुम्ही ठेवता. पात्र अहिराणी बोलतं, लेवा बोलतं की नंदुरबारकडचं गुजरी किंवा पावरी, हे आधी ठरवा, मग लिहा.

येत्या वर्षात एक मालिका अशी आणा जिच्यात खान्देशी माणूस घरात पाणी आणून देणारा नसेल, घर त्याचं असेल. गाव अमळनेर असावं असा माझा हट्ट नाही. शिरपूर चालेल, साक्री चालेल, तळोदा चालेल. केळीची बाग असो की सोन्याचं दुकान की एसटीचा डेपो. सासू वाईट दाखवा, आमची हरकत नाही. आमच्या सासवाही काही कमी नाहीत. हे वाक्य मोठ्या मायला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली, म्हणून ठेवलं आहे.

आणि शेवटची मागणी खासगी आहे. मालिका संपली, ती पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. सेट मोडला असेल, कलाकार दुसऱ्या कामाला लागले असतील. पण मोठी माय अजून साडेसातला खाटेवर उठून बसते. टीव्हीवर आता दुसरं काहीतरी चालू असतं, ती ते बघते आणि जाहिरात लागली की मला विचारते, ‘आखाजीले येई सांगी गयेल व्हती ना वं ती?’ दोन-तीन शक्यता मी सांगून पाहिल्या. तिला पटत नाहीत. मुलानं सुरतेला नेलं म्हटलं, तर म्हणते तो फोन करत नव्हता, तो काय नेईल. गावाकडे घर बांधायला घेतलं म्हटलं, तर म्हणते पैसे कोठून आले.

ज्यांनी ती मावशी लिहिली, त्यांनी तिचं पुढे काय ठरवलं होतं ते मला एका ओळीत कळवावं. वाहिनीच्या परवानगीची गरज असेल तर ती कृपा करून द्यावी. मी ते मोठ्या मायला साडेसातला, जाहिरातीत सांगेन.

कळावे,
आपल्या मालिका नेमानं बघणारी एक शिवणकामवाली
तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव